‘वन कट ऑफ द डेड’ की ‘व्हॉट वी डू इन द शॅडोज’: समीक्षा वाचून कोणता निवडायचा?

मोठ्या स्टुडिओच्या आधाराशिवाय, कमी पैशांत केलेला भय-विनोदी सिनेमा शोधायला गेलं की ही दोन नावं हमखास समोर येतात. पहिला जपानचा, २०१७चा. दुसरा न्यूझीलंडचा, २०१४चा. समीक्षा एकत्र करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावर पहिल्याला १००% आहेत आणि दुसऱ्याला ९६%. या चार टक्क्यांवर निवड करू नका. तिथला टक्का म्हणजे सिनेमाला मिळालेले गुण नव्हेत. शंभरातल्या किती समीक्षकांचं मत अनुकूल होतं, एवढंच तो सांगतो. ‘बरा आहे’ म्हणणारा आणि सिनेमा डोक्यावर घेणारा, दोघेही तिथे सारखेच मोजले जातात. मेटाक्रिटिक हे तसंच दुसरं संकेतस्थळ समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढतं, काहींच्या मताला जास्त वजन देऊन. तिथे अंतर वाढतं: साधारण ८६ आणि ७६. तरीही तुमच्या कामाची गोष्ट आकड्यांत सापडणार नाही. ती समीक्षकांच्या तक्रारींत आहे, आणि या दोन सिनेमांबद्दलच्या तक्रारी एकमेकींच्या अगदी उलट आहेत.

एकाची तक्रार सुरुवातीबद्दल

‘वन कट ऑफ द डेड’ शिनइचिरो उएदा यांनी लिहिला, दिग्दर्शित केला आणि संकलितही केला. टोक्योच्या एनबू सेमिनार या संस्थेच्या कार्यशाळेतून तो उभा राहिला. नट अनोळखी, खर्च ३० लाख येन, म्हणजे २५ हजार डॉलरच्या आसपास, आणि चित्रीकरण आठ दिवसांचं. जून २०१८मध्ये टोक्योच्या दोन थिएटरांत लागलेला हा सिनेमा पुढे जपानभर तीनशेहून अधिक ठिकाणी गेला आणि त्याने ३०० कोटी येनांवर गल्ला जमवला. नुसत्या समीक्षांनी हे होत नाही. पाहून आलेल्या माणसांनी ‘काही विचारू नकोस, फक्त जा’ असं एकमेकांना सांगितलं, म्हणून ते झालं.

सुरुवातीची ३७ मिनिटं एकाच सलग टेकची, म्हणजे कॅमेरा मध्ये कुठेही न थांबवता चित्रित केलेली आहेत: ओस पडलेल्या इमारतीत झोंबीपट चित्रित करणाऱ्या युनिटवर खरे झोंबी चाल करून येतात. हा टेक जमेपर्यंत दोन दिवसांत सहा वेळा घ्यावा लागला. इथेच बरेच प्रेक्षक गळतात. प्रतिमा मळकट व्हिडिओसारखी, मेकअप स्वस्त, संवाद मध्येच अडकलेले, एक-दोन ठिकाणी तर पात्रं विनाकारण ताटकळत उभी. सुरुवात सामान्य आहे असं म्हणणाऱ्या समीक्षकांचं चुकलेलं नाही. पण त्यातल्या बहुतेकांनी पुढच्याच वाक्यात ‘उठू नका’ असंही लिहिलं, आणि का ते सांगितलं नाही. त्यामुळे या सिनेमाच्या समीक्षा आधी वाचून फारसं हाती लागत नाही. चांगली समीक्षा मुद्दाम अर्धवट असते, आणि सविस्तर समीक्षा वाचली तर सिनेमाच हातचा जातो.

रहस्य न फोडता एवढं सांगता येतं. एकूण सुमारे ९७ मिनिटांचे तीन भाग आहेत: ३७ मिनिटांचा टेक, मग वीसेक मिनिटांचा संथ, घरगुती भाग, आणि शेवटची चाळीसेक मिनिटं. पहिल्या भागात जे जे चुकल्यासारखं वाटेल ते ध्यानात ठेवा. कोण कुठे अडखळलं, कॅमेरा कुठे रेंगाळला. ज्याने कधी पुरुषोत्तम करंडकासाठी बॅकस्टेज केलं असेल, प्रॉपर्टी वेळेवर विंगेत न पोचल्याने घाम फुटलेला असेल, त्याला शेवटचा भाग इतरांपेक्षा दुप्पट भिडेल. त्याची जात झोंबीपटाची कमी आणि फार्सची जास्त: नेमक्या क्षणाची एन्ट्री, हुकलेली एन्ट्री, आणि ती सावरायला धावणारी माणसं. जपान अकादमी पुरस्कारांत संकलनाचा मान या सिनेमाला मिळाला, तो या जुळणीसाठी पूर्णपणे योग्य होता.

दुसऱ्याची तक्रार उत्तरार्धाबद्दल

‘व्हॉट वी डू इन द शॅडोज’मध्ये गंमत सुरू व्हायची वाट पाहावी लागत नाही. वेलिंग्टनमधल्या एका घरात चार व्हॅम्पायर, म्हणजे रक्तपिपासू पिशाच्चं, भाड्याने राहतात आणि माहितीपटाचं युनिट त्यांच्या मागे फिरतं. पहिल्या काही मिनिटांतच ते भांडी कोणी घासायची यावर बैठक घेतात; एकाची पाळी गेली पाच वर्षं तुंबलेली आहे. पुढे सगळा विनोद याच सुताने जातो: बळी घेण्याआधी सोफ्यावर आणि जमिनीवर वर्तमानपत्रं अंथरणं, बोलावल्याशिवाय आत जाता येत नसल्यामुळे क्लबच्या दरवाजावर बाउन्सरच्या हातापाया पडणं.

जेमेन क्लेमंट आणि टायका वायटीटी यांनी २००५च्या स्वतःच्याच लघुपटावरून हा सिनेमा लिहिला आणि दिग्दर्शित केला. खर्च सुमारे १६ लाख अमेरिकी डॉलर. ‘कमी बजेट’ या एकाच लेबलखाली इथे साठेक पटींचा फरक आहे, आणि तो पडद्यावर दिसतो. उडणारी पात्रं, भिंती-छतावरची मारामारी, नीट सजवलेलं जुनाट घर: स्वस्तपणा डोळ्यांना खुपणाऱ्यांनी हाच निवडावा. संवाद बरेचसे उत्स्फूर्त होते. सव्वाशे तासांच्या आसपास चित्रीकरणातून ८५ मिनिटं काढली गेली. त्यामुळे वाक्यं ताजी वाटतात, पण कथानक मात्र विरळ राहिलं.

नापसंती दाखवणाऱ्यांचा मुख्य मुद्दा नेमका हाच आहे: कल्पना एकच, आणि अर्ध्या तासानंतर ती वाढत नाही, फक्त नवी उदाहरणं येतात. जानेवारी २०१४मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवातल्या पहिल्या खेळानंतर ‘व्हरायटी’ या सिनेव्यवसायाच्या नियतकालिकाची समीक्षा थंडच होती, कल्ट ठरण्याइतकी, म्हणजे चाहत्यांनी वर्षानुवर्षं डोक्यावर घेण्याइतकी गंमत यात नाही, असा तिचा सूर होता. त्याच वर्षी टोरांटो महोत्सवात मध्यरात्रीच्या विभागाचं प्रेक्षक-पारितोषिक याच सिनेमाला मिळालं, आणि पुढे २०१९ ते २०२४ अशी त्यावरची अमेरिकी मालिका चालली. भाकीत साफ चुकलं. पण उत्तरार्ध सैल आहे हे निरीक्षण बरोबर होतं, आणि आजही ते जाणवतं.

इथे समीक्षा आधी वाचल्या तर तोटा नाही. थोडा फायदाच होईल. पीटर हे पात्र १९२२च्या मूकपटातल्या नोस्फेराटू या व्हॅम्पायरसारखं, व्लादिस्लाव १९९२च्या ड्रॅक्युलाच्या वळणाचा, आणि नव्याने व्हॅम्पायर झालेला निक ‘ट्वायलाइट’चा नायक आपणच अशी बढाई मारत हिंडतो. हे संदर्भ माहीत नसतील तर काही विनोद नुसतेच वेडेपणाचे वाटतील.

मग तुमच्यासाठी कोणता?

फोनवर, जेवताना, तुकड्यातुकड्यांत पाहणार असाल तर ‘शॅडोज’. प्रसंग सुटे आहेत, मध्ये थांबलात तरी धागा तुटत नाही. ‘वन कट’ मात्र एका बैठकीतच पाहा आणि शक्यतो टीव्हीवर, कारण शेवटी माणसं भराभर बोलतात आणि सबटायटल वाचता वाचता चौकटीच्या कडेला चाललेली धांदल सुटते. ‘शॅडोज’ इंग्रजीत असला तरी न्यूझीलंडचे उच्चार आणि तोंडातल्या तोंडात पुटपुटलेले विनोद यांमुळे सबटायटल तिथेही लावा.

भीती हवी असेल तर दोन्हींकडून फार अपेक्षा नको; समीक्षकांच्या मते हे दोन्ही सिनेमे भित्रट मनालाही चालतील असेच आहेत. रक्त मात्र दोन्हींत आहे: ‘शॅडोज’मध्ये धमनी फुटून उडणारं, ‘वन कट’मध्ये तुटलेले हात आणि कुऱ्हाड, शिवाय ओकारी आणि बिघडलेल्या पोटावरचे विनोद. लहान मुलं शेजारी असतील तर दोन्ही नकोत.

मित्रांना गोळा करून पाहायचा असेल तर माझं मत निःसंशय ‘वन कट’ला. अट एकच, खोलीतल्या कोणीही आधी काही वाचलेलं नसावं, आणि ३७व्या मिनिटाला कोणाला उठू देऊ नका. त्याची फ्रेंच आवृत्ती, दिग्दर्शक मिशेल आझानाविसियुस यांची, २०२२च्या कान महोत्सवाचा उद्घाटनाचा सिनेमा होती. तिचा खर्च मूळ सिनेमाच्या शंभर पटींहून जास्त आणि रचना जवळजवळ तीच. ती आधी पाहिलीत तर जपानी सिनेमातला सगळा डाव उघडा पडतो. म्हणून ती नंतर, हवी असेल तरच.