७ महिने, ७१ रात्री: जुन्या कॅम्पर व्हॅनचा अनुभव

आम्ही घेतलेली कॅम्पर व्हॅन, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, १३ वर्षांची आहे आणि घेताना १ लाख ६० हजार किलोमीटर चाललेली होती. त्याच आठवड्यात निम्म्या किलोमीटरची, चकचकीत रंगाची दुसरी व्हॅन आम्ही नाकारली. ओळखीतल्या बहुतेकांनी वेड्यात काढलं. आज ७ महिने झालेत, ७१ रात्री तिच्यात झोपलोय, ११ हजार किलोमीटर फिरलोय, आणि तो निर्णय बरोबर होता असंच मला वाटतं. चुकलो ते दुसरीकडेच. तेही सांगते.

नाकारलेली गाडी ४ वर्षं एका जागी उभी होती. आत शिरल्या शिरल्या अत्तराचा घमघमाट. मला तिथेच शंका आली. गादी उचलून मागच्या डाव्या कोपऱ्यात अंगठा दाबला, तर प्लाय ओल्या पुठ्ठ्यासारखा आत गेला. सोबत नेलेला, ओल मोजणारा मॉइश्चर मीटर त्या कोपऱ्यात २८ टक्के दाखवत होता. लाकडाचं हे माप १५च्या आत असेल तर निर्धास्त राहावं, २०च्या वर गेलं की पाणी नक्की कुठून तरी येतंय. विकणारे गृहस्थ म्हणाले, "खिडकी उघडी राहिली असेल." खिडकी त्या कोपऱ्यापासून चांगली हातभर लांब होती.

इंजिन बिघडलं तर मेकॅनिक दुरुस्त करतो, हिशोब कळतो, विषय संपतो. ओल तशी नसते. भिंतीच्या आत लाकडी पट्ट्या कुजतात, इन्सुलेशन ओलं होऊन बसतं, त्यामागे पत्रा गंजतो, आणि हे सगळं सुबक पॅनेलच्या आड चालतं. दुरुस्तीसाठी आधी सजावट उचकटावी लागते. म्हणून पहिला तास कपाटांच्या आत, गादीखाली, खिडक्यांच्या खालच्या कडांना आणि टपावरच्या झरोक्याभोवती घालवा. गुडघ्यांवर बसून, टॉर्च घेऊन. शक्य असेल तर पाऊस पडून गेल्यावर जा. झरोक्याभोवती सिलिकॉनचे थर फासलेले दिसले तर समजा, गळती होती आणि कोणीतरी घाईत झाकलीय. सिलिकॉनच्या अवशेषांवर दुसरं सीलंट नीट धरत नाही, त्यामुळे पुढची खरी दुरुस्तीही अवघड होते.

एवढी काळजी घेऊनही तिसऱ्या महिन्यात आमच्याकडे गळलंच. रात्रभराच्या पावसानंतर सकाळी टेबलावर पाणी. वरच्या छताला चीर नाही, स्क्रू नाही. दोन दिवस शोधल्यावर कळलं की पाणी मागच्या झरोक्याच्या तडकलेल्या सीलंटमधून शिरत होतं आणि छताच्या आतल्या पट्टीवरून वाहत थेट पुढे येऊन टपकत होतं. जुनं सीलंट पूर्ण खरवडलं, ब्युटाइल टेप (पाणी अडवणारी चिकट रबरी पट्टी) लावली, वरून नवीन सीलंट. दीड दिवसाचं काम. लगेच सापडलं म्हणून लाकूड वाचलं. आता दर महिन्याला सहा ठरलेल्या जागांचं माप मी वहीत लिहिते.

खरी चूक झाली ती आतले दिवे, पंप, फ्रीज चालवणाऱ्या बॅटरीत. गाडी बघायला गेलो तेव्हा दिवे लागत होते, पंप चालत होता, फ्रीज गार होता. आम्ही खूश. पण गाडीला बाहेरच्या विजेची केबल जोडलेली होती, आणि ती काढून दाखवा असं आम्ही म्हटलंच नाही. विकणाऱ्यानं फसवलं असं मी म्हणणार नाही, विचारलं असतं तर त्यानं काढली असती. बाहेरची वीज नसलेल्या पहिल्याच मुक्कामी पहाटे ३ वाजता डिझेल हीटर बंद पडला. सुरू होताना त्याचा ग्लो प्लग (डिझेल पेटवणारा तापता भाग) चांगलाच करंट ओढतो, थकलेल्या बॅटरीचं व्होल्टेज तेवढ्यात कोसळतं आणि हीटर स्वतःला बंद करून घेतो. आई सोबत होती, बाहेर गोठवणारी थंडी. अंगावर असतील नसतील ती पांघरुणं घेऊन आम्ही उजाडायची वाट पाहिली. ती रात्र मी विसरणार नाही.

नंतर शांतपणे हिशोब मांडला. आमचा कॉम्प्रेसर फ्रीज चालू असताना ४५ वॅट घेतो आणि दिवसाचा साधारण तिसरा हिस्सा चालतो, म्हणजे २४ तासांत १२ व्होल्टवर ३० अँपिअर-तास (बॅटरीतल्या विजेचं माप) नुसत्या फ्रीजला. आधीची एजीएम, म्हणजे शिशाच्या प्रकारातली, बॅटरी १०० अँपिअर-तासांची होती, पण ती टिकवायची तर निम्मीच वापरायची. वर वय झालेलं. तिच्या जागी तेवढ्याच क्षमतेची लिथियम आयर्न फॉस्फेट बसवली, तिच्यातले ८०-९० अँपिअर-तास बिनघोर वापरता येतात. मात्र नुसती बॅटरी बदलून भागत नाही, इंजिनवरून चार्ज करायला डीसी-टू-डीसी चार्जर लागतो, जो इंजिनकडची वीज या बॅटरीला मानवेल अशी करून देतो. शिवाय ही बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करायची नसते, म्हणून ती गाडीच्या आत, सीटखाली ठेवली. तेव्हा बघायला जाल तेव्हा केबल काढायला सांगा, सगळं चालू करा आणि तासभर गप्पा मारत बसा. तासानंतर व्होल्टमीटर काय म्हणतोय ते बघा.

आतल्या मांडणीत मात्र आम्ही नशीबवान ठरलो, आणि त्याचं श्रेय आईला. प्रत्येक गाडीत ती चपला काढून पलंगावर १५ मिनिटं आडवी व्हायची, मग उठून टॉयलेटपर्यंत जाऊन यायची. विकणाऱ्यांना नवल वाटायचं. पण तिचं म्हणणं साधं होतं: "मला रात्री उठावं लागतं, आणि कुणाला ओलांडून मी जाणार नाही." आमची गाडी फियाट ड्युकॅटो, प्यूजो बॉक्सर, सिट्रोएन जंपर या एकाच साच्यातल्या व्हॅन-भावंडांपैकी. यांच्या भिंती बऱ्यापैकी सरळ आणि आतली रुंदी जास्त, म्हणून मागे आडवा पलंग बसतो आणि मध्ये जागा उरते. नवऱ्याची उंची जेमतेम मावते. इन्सुलेशनची जाडी दोन्हीकडून जागा खाते, तेव्हा उंच माणसानं टेपवर विश्वास न ठेवता प्रत्यक्ष झोपून बघावं. आई पुढे, टेबल खाली करून होणाऱ्या पलंगावर झोपते. तो रोज मांडायचा-आवरायचा १० मिनिटांचा उद्योग पहिल्या महिन्यात जड गेला, आता हात बसलाय.

चौघांची झोपायची सोय आणि सीटबेल्ट दोनच, अशा गाड्याही पाहिल्या. बेल्ट आधी मोजा.

वजनाकडे कोणी लक्ष देत नाही. आमच्या गाडीची कमाल मर्यादा ३,५०० किलो. सगळं सामान भरून, तिघं बसून वजनकाट्यावर गेलो तर ३,४४० भरलं, आणि १०० लिटरची पाण्याची टाकी रिकामीच होती. एक लिटर म्हणजे एक किलो. आता निघताना ३० लिटरच भरतो, बाकी मुक्कामी पोचल्यावर.

गॅसचं एक सांगायलाच हवं. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो, म्हणून तळाला एक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आमच्या गाडीत आधीच्या कोणीतरी गार वारा येतो म्हणून त्यावर टेप चिकटवली होती. चटई उचलल्यावर दिसलं. त्याच दिवशी टेप काढली, गॅसची रबरी नळी बदलली आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावला. थंडीत ब्युटेन शून्याच्या आसपास बाष्प व्हायचं थांबतं, प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत चालतं, त्यामुळे हिवाळ्यात सिलिंडर प्रोपेनचाच.

बाकीचं पटकन. येण्याआधी इंजिन सुरू करू नका असं विकणाऱ्याला सांगून ठेवलं होतं, आणि पोचल्यावर ते खरंच थंड आहे ना, हे बॉनेटला हात लावून पाहिलं; थंड इंजिन सुरू होताना त्रास देतं का ते कळतं. टायमिंग बेल्ट बदलल्याची नोंद नव्हती, म्हणून घेतल्या घेतल्या बदलला; तो नुसत्या किलोमीटरनी नाही, वर्षांनीही म्हातारा होतो. टायरच्या बाजूवर तो कधी बनला ते सांगणारे चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नाकारलेल्या गाडीच्या टायरची नक्षी नव्यासारखी होती, पण वय १० वर्षांच्या पुढे.

हीटर सतत मंद ठेवू नका, आत काजळी धरते. आम्ही आठवड्यातून एकदा अर्धा तास पूर्ण जोरात चालवतो. गादीखाली हवा खेळेल अशी जाळी घातल्यापासून खालचा बुरशीचा ठिपका परत आलेला नाही.

काल रात्री पुन्हा जोराचा पाऊस झाला. सकाळी चहाच्या आधी मीटर घेऊन सहाही जागा तपासल्या. दुरुस्त केलेल्या झरोक्याशी १२, मागच्या डाव्या कोपऱ्यात १३. वहीत लिहून ठेवलं.