खुब्याची झीज: नऊ महिने फिजिओ, काठी, गोळ्या आणि एक इंजेक्शन, वापरानंतरचा अनुभव

मी चोपड्याची, वय ५७, डाव्या खुब्याला झिजेचा संधिवात आहे. मागच्या डिसेंबरात फिजिओथेरपी सुरू केली आणि आता सप्टेंबर संपत आला, म्हणजे नऊ महिने झाले. पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर "काही उपयोग नाही, पैसे वाया" असंच लिहिलं असतं, म्हणून मुद्दाम थांबले होते. आमच्याकडे खुबा दुखतो म्हटलं की लोक एक तर तेल सांगतात नाहीतर डायरेक्ट ऑपरेशन, मधलं कोणी सांगतच नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी हे सांगते की माझं दीड वर्ष गुडघ्यापायी गेलं. दुखायचं जांघेत आणि तिथून मांडीच्या आतून गुडघ्यापर्यंत, पण जांघेत दुखतंय हे बाईमाणूस डॉक्टरसमोर पटकन बोलत नाही, मीही नाही बोलले, गुडघाच म्हटलं. मग गुडघ्याचा एक्स-रे, त्यात थोडी झीज दिसली (या वयात ती बहुतेकांची दिसतेच), लगेच गुडघ्याचा पट्टा आणि एका ठिकाणी पंधरा दिवस रोज मशीनचा शेक, पैसे सगळे आधीच भरून घेतलेले, आणि त्या पंधरा दिवसांत एकानेही माझा पाय मांडीपासून फिरवून बघितला नाही. याचा मला अजून राग येतो. खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवतं, काही जणांना तर फक्त गुडघ्यातच जाणवतं, कारण दोन्ही सांध्यांकडे जाणाऱ्या नसा सामाईक आहेत. हे तिथल्या कोणाला तरी सुचायला पाहिजे होतं.

घरात मात्र सगळं दिसत होतं. सकाळी परकरात डावा पाय घालायचा तर तो वर उचललाच जायचा नाही, भिंत धरावी लागायची. जोडवं निसटलं तर वाकून घालता येईना, नखं कापता येईनात. पाटावरून उठताना आधी उजव्या बाजूला वळून, दोन्ही हात टेकून, मग कुठे उभी. शेवटी सासूबाईंनी ओळखलं. त्या ओसरीवर बसून मला अंगणात येता-जाता बघायच्या, एक दिवस म्हणाल्या, "गुडघा नही वं माय, तुना खुबा दुखस." त्या ८१ वर्षांच्या आहेत, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण माझं चालताना एका अंगावर झुकणं त्यांनी बरोबर टिपलं.

मग जळगावला हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी उताणं झोपवलं, गुडघा वर घेतला आणि पाऊल हळूच बाहेरच्या बाजूला फिरवलं, मांडी आत वळली आणि मी ओरडलेच. दोन मिनिटांत निदान. मग कमरेचा एक्स-रे. उजवीकडे मांडीच्या हाडाचा गोळा आणि तो बसतो ती उखळी यांच्यामध्ये छान काळी फट दिसते, ती म्हणजे कूर्चा, आपण गादी म्हणतो ती. डावीकडे वरच्या बाजूला ती फट जवळजवळ नाहीच आणि कडेला हाडाची टोकं वाढलेली. सकाळी सांधा किती वेळ आखडलेला राहतो हे त्यांनी नीट विचारलं, मी म्हटलं दहा-पंधरा मिनिटं. झिजेच्या दुखण्यात तो साधारण अर्ध्या तासाच्या आत मोकळा होतो, आमवातात बराच जास्त वेळ लागतो, म्हणून विचारतात. कधी स्टिरॉइडच्या गोळ्या खूप दिवस घेतल्या का हेही विचारलं, कारण त्यामुळे हाडाच्या त्या गोळ्याचा रक्तपुरवठा बंद पडून हाड खचण्याचा आजार वेगळा असतो आणि तो सुरुवातीला साध्या एक्स-रेत दिसत नाही, एमआरआय लागतो. तरुण माणसाचा खुबा दुखत असेल तर हे नक्की विचारून घ्या.

डॉक्टर म्हणाले ऑपरेशन लागेल तेव्हा लागेल, आधी तीन महिने मन लावून व्यायाम करा.

आता फिजिओबद्दल. मुलगी माझ्या मुलीच्या वयाची, "काकू, काकू" करत बोलणारी, पण पहिल्याच दिवशी तिने एकही मशीन लावलं नाही तेव्हा मी मनात नाराजच झाले. तिने आरशासमोर उभं केलं आणि डाव्या पायावर उभं राहायला सांगितलं. आरशात दिसलं की माझी उजवी कंबर खाली लोंबतेय. मग तिने माझ्या डाव्या कुल्ल्याच्या बाजूला, हाडाच्या वर, अंगठा दाबला आणि म्हणाली, काकू, हा स्नायू झोपलाय. चालताना एका पायावर भार येतो तेव्हा खुब्यावर आपल्या वजनाच्या साधारण अडीचपट दाब पडतो, कारण हाच स्नायू कंबर सरळ धरून ठेवायला ओढ घेत असतो. दुखतं म्हणून आपण पाय वापरत नाही, वापरत नाही म्हणून स्नायू वाळतो, वाळला की लंगडतो आणि सांध्याला अजून त्रास. गादी परत येणार नाही हे तिने पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगितलं, आणि याच गोष्टीने माझा तिच्यावर विश्वास बसला.

व्यायाम दिसायला अगदी साधे. उताणं झोपून गुडघे वाकवून कंबर उचलणे, कुशीवर झोपून गुडघे जोडून वरचा गुडघा उघडणे, खुर्चीतून हात न लावता उठणे-बसणे, ओट्याला धरून पाय मागे नेणे. पण माझ्या मते सगळ्यात जास्त काम केलं ते कुशीवर झोपून पाय वर उचलण्याने, आणि तो मी पहिले तीन आठवडे चुकीचा करत होते. पाय वर जाताना नकळत पुढे सरकतो आणि मग मांडीच्या पुढचे स्नायूच काम करतात, कुल्ल्याचा तसाच झोपलेला राहतो. त्यावर तिने भिंतीची युक्ती सांगितली. भिंतीला पाठ लावून उजव्या कुशीवर झोपायचं, डाव्या पायाची टाच भिंतीला टेकवायची आणि टाच भिंतीवर घासत वर न्यायची, बोटं छताकडे वळू द्यायची नाहीत. टाच सुटली की समजायचं चुकलं. पहिल्या दिवशी मला असे चार पण झाले नाहीत आणि जिथे जळजळ व्हायला पाहिजे तिथे, अंगठा दाबलेल्या जागी, पहिल्यांदा जळजळ झाली. आमच्या मधल्या खोलीच्या भिंतीवर टाचेची एक मळकट रेघ उमटलीय, ह्यांना ती आवडत नाही पण मी पुसू देत नाही.

दुखण्याचा नियम तिने असा दिला की व्यायाम करताना दहापैकी चारपर्यंत दुखलं तरी चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते पहिल्यासारखं व्हायला पाहिजे, नाही झालं तर पुढच्या वेळी कमी करायचं, बंद नाही करायचं. हे मला फार उपयोगी पडलं कारण त्याआधी जरा दुखलं की मी आठ दिवस झोपून राहायची.

खर्च आणि जाणं-येणं: आठवड्यातून दोनदा, एका वेळेचे ३०० रुपये, असे दोन महिने, नंतर महिन्यातून एकदा. चोपड्याहून जळगाव पन्नासेक किलोमीटर. एसटीत २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून परवडलं, पण एसटीची पहिली पायरी एवढी उंच की सुरुवातीला कंडक्टर हात द्यायचा. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, हे शिकल्यावर सोपं झालं.

काठीबद्दल जास्त सांगते कारण इथे सगळे चुकतात. मी चार महिने काठी दुखऱ्या बाजूच्या हातात धरत होते, सगळ्यांना तसंच वाटतं. काठी उलट्या हातात धरायची, डावा खुबा तर उजवा हात, आणि डावा पाय टाकताना काठी सोबत टेकवायची. उंची मनगटाच्या घडीपर्यंत, कोपर थोडं वाकलेलं राहील अशी. हात बदलल्या दिवशी बाजारात जाऊन आले आणि रात्री कूस बदलताना जाग आली नाही, इतका फरक. लाजेखातर काठी टाळू नका एवढीच कळकळीची विनंती.

गोळ्या. पॅरासिटामॉलने मला फारसं काही झालं नाही. त्याच्या वरच्या वेदनाशामक गोळीने बरं वाटतं पण मला बीपी आहे, ती रोज घेतली तर किडनी आणि पोटावर येते, म्हणून डॉक्टरांनी फक्त जास्त दुखेल तेव्हा, जेवणानंतर, सलग पाच दिवसांवर नाही असं बजावलंय. चोळायचा मलम गुडघ्याला चालतो, खुबा फार खोल असतो, तिथपर्यंत औषध पोचत नाही. सांध्यांसाठी म्हणून विकतात ती ग्लुकोसामाइनची पावडर मी चार महिने घेतली, शून्य फरक, महाग वेगळीच. माझा भाचा फिजिओथेरपी शिकतोय, त्याने सांगितलं की इंग्लंडच्या नाइस संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शनात ग्लुकोसामाइन देऊ नका असंच लिहिलंय आणि व्यायामाला पहिलं स्थान दिलंय. ते आधी कळलं असतं तर तेवढ्यात फिजिओचे बरेच दिवस निघाले असते.

तेल, मालिश आणि उनपदेव. आमच्याकडे अडावदजवळ उनपदेवला गरम पाण्याचा झरा आहे, सांधेदुखीवाले लांबून येतात, मीही दोन-तीनदा जाऊन आले. त्या धारेखाली अंग मोकळं होतं, खरंच होतं, पण संध्याकाळपर्यंत परत जैसे थे. घरी शेकाची पिशवी वीस मिनिटं ठेवली तरी तेवढंच होतं. फिजिओ म्हणाली व्यायामाआधी शेक घ्या, तेव्हा त्याचा खरा उपयोग आहे, आणि तसं करून बघितल्यावर पटलं.

इंजेक्शन: जानेवारीत खूप अडलं, रात्री झोप नाही, व्यायामही होईना. तेव्हा सोनोग्राफीत बघत सांध्यात स्टिरॉइडचं एक इंजेक्शन दिलं. चौथ्या दिवसापासून जादू वाटली आणि साधारण नऊ आठवडे टिकली. पण माझा अनुभव सांगते, ते इंजेक्शन म्हणजे उधार मिळालेला वेळ आहे. मी त्या नऊ आठवड्यांत एक दिवस न चुकता व्यायाम केला, म्हणून असर उतरल्यावर मी परत पहिल्या जागी गेले नाही. माझ्यासोबत एक मावशी होत्या, त्यांनी बरं वाटतंय म्हणून व्यायाम सोडला, त्यांचं एप्रिलमध्ये परत पहिल्यासारखंच झालं. आणि ऑपरेशनचा विचार असेल तर इंजेक्शननंतर तीन महिने थांबावं लागतं, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो म्हणून, हे आधी विचारून घ्या.

उन्हाळा कठीण गेला. जळगाव-भुसावळचा मे महिना सांगायला नको, पारा ४५ च्या आसपास, त्यामुळे चालणं पहाटे पाचला. आखाजीला (अक्षय तृतीयेला) मुलगी आली होती, ती रोज सोबत यायची. कुरडया-पापडाला यंदा मी खाली बसलेच नाही, उंच टेबलावर लाटलं, शेजारणींना नवल वाटलं पण काम झालं. व्यायामाचा रबरी पट्टा मात्र गच्चीवर विसरला आणि उन्हात चिकट होऊन तुटला, नवीन आणला तो आता पावडर लावून स्टीलच्या डब्यात ठेवते. घरात अजून दोन बदल केले, संडासाला कमोड बसवला आणि पलंगाच्या पायांखाली लाकडी ठोकळे दिले. हे दोन्ही पहिल्याच आठवड्यात करायला पाहिजे होते. वजन ७४ होतं, आता ६८ आहे. रात्री भाकरी एक कमी केली आणि चहातली साखर सोडली, बाकी काही नाही.

आजची स्थिती. डिसेंबरात पाच मिनिटं चालले की थांबावं लागायचं, आता चाळीस मिनिटं चालते, घरात काठी लागत नाही, बाजाराला नेते. रात्रीची झोप परत आली, माझ्यासाठी हे सगळ्यात मोठं. श्रावणात आमच्या खानदेशातल्या कानबाईच्या सणाला मागच्या वर्षी मी खुर्चीत बसून होते, यंदा नैवेद्याच्या रोटांचं सगळं ओट्याशी उभं राहून केलं आणि विसर्जनाला नदीपर्यंत चालत गेले, दुसऱ्या दिवशी दुखलं पण एकच दिवस.

जे नाही झालं तेही लिहिते. मांडी आत वळत नाही ती नाहीच, मांडी घालून बसता येत नाही, डाव्या पायाची नखं अजून सून कापून देते. गार हवा सुटली की जांघ धरते. डॉक्टरांनी मागच्या भेटीत सांगितलं की रात्री परत झोपमोड व्हायला लागली किंवा घरातल्या घरात चालणं अवघड झालं तर खुबा बदलायचा, घाबरायचं नाही, बदललेल्या दहा खुब्यांपैकी साधारण सहा २५ वर्षंसुद्धा टिकतात, आणि आत्ता कमावलेले स्नायू तेव्हाही कामाला येतील. ते ऐकून मला ऑपरेशनची भीती राहिली नाही, घाई पण नाही.

दिवाळीला घराला रंग द्यायचाय. परवा रंगारी बघायला आला तेव्हा मी आधी ह्यांना टेप आणायला लावली आणि त्या भिंतीवरची रेघ मोजून वहीत लिहून ठेवली, तेरा इंच. डिसेंबरात टाच पाच इंचांवर थांबत होती.