सिव्हिलसमोरची दहा रुपयांची थाळी

भावाच्या ऑपरेशनसाठी अकरा दिवस सिव्हिलमध्ये काढले. समोरच्या शिवभोजन केंद्रावर त्यातले चार दिवस जेवले. पुढे का जेवले नाही, तेही सांगते.

थाळी १० रुपयांची. दोन चपात्या, वाटीभर भाजी, वाटीभर वरण, एक मूद भात. चपात्या लहान, पण गरम. वरणाला लसणाची फोडणी, आणि एके दिवशी मटकी होती ती तर घरच्यासारखी. केंद्र बचत गटाच्या ताई चालवतात. भात संपत आला तरी त्या मूद लहान करत नाहीत, हे मी मुद्दाम पाहिलं.

मी अकरावी-बारावीला अर्थशास्त्र शिकवते, त्यामुळे रांगेतही हिशेब चालूच. २६ जानेवारी २०२० ला योजना सुरू झाली तेव्हा शहरातली थाळी ५० रुपयांची धरली होती: १० आपले, ४० सरकारचे. रेशनकार्ड नाही, उत्पन्नाचा दाखला नाही. हे मला फार पटलं. दाखल्यासाठी खेटे घालताना ज्याचा रोज बुडतो, त्यालाच तर हे जेवण हवं. दहा रुपये घेतात तेही योग्यच. करोनात काही काळ थाळी मोफत होती. ती तशीच ठेवायची होती, असं मी रांगेत म्हटलं, तर पुढचे हमालकाका म्हणाले, "पैसे दिले की वरण पातळ झालं तर बोलता येतं, बाई."

खटकलं ते वेगळंच. वेळ १२ ते २, पण ताटं ठरलेली. एकच्या सुमारास संपतात. दर दहावर बांधलेला आणि ताटं मोजकी, म्हणजे राहिलेली किंमत वेळेत मोजायची. वेळ कुणाकडे होता? माझ्याकडे. भरपगारी रजेवर होते. पलीकडच्या बांधकामावरच्या बायांना सुट्टीच एक वाजता. चौथ्या दिवशी डॉक्टरांचा राउंड लांबला, मी उशिरा पोचले आणि शेवटचं ताट मला मिळालं. मागच्या दोघी चुंबळ हातात घेऊन तशाच परत फिरल्या. तोवर मला वाटायचं, माझ्या जेवणाचा भार सरकारच्या चाळीस रुपयांवर आहे. तो त्या दोघींवर होता.

पाचव्या दिवसापासून खानावळीत १२० रुपये देऊन जेवले. ताईंना म्हटलं, थोडी ताटं एकनंतरसाठी राखून ठेवा. त्या म्हणाल्या, "कुणी आलंच नाही तर शिजवलेलं वाया जाईल, मॅडम." त्यांचंही खरं होतं. मग मीच बांधकामावर जाऊन बायांना सांगून आले आणि ताईंनी दहा ताटं राखायला सुरुवात केली. आम्ही निघालो त्या दिवशी सव्वाएकला डोकावले, तर त्यातलं एकच शिल्लक होतं.

पाचपैकी चार तारे. सुटे दहा रुपये न्या. खिशाला झेपत असेल तर खानावळ त्याच गल्लीत चार दुकानं पुढे आहे.