नेक्सॉन ईव्ही ४५: बडोदा ते माउंट आबू, ऐन थंडीत

नाताळच्या आठवड्यात किंवा उत्तरायणाला जोडून आबूला जायचं म्हटलं की बडोद्यातल्या इलेक्ट्रिक गाडीवाल्यांचा पहिला प्रश्न एकच: घाट चढेल ना? प्रश्न चुकीच्या ठिकाणी अडकलेला आहे. ४५ युनिट बॅटरीच्या टाटा नेक्सॉनला घाट जड जात नाही. जड जातो तो बडोदा-मेहसाणा हा सपाट रस्ता, आणि दुसऱ्या दिवशीची थंड सकाळ.

आधी कागदावरचे आकडे. ही बॅटरी २०२४ च्या सप्टेंबरात आली. सेल एलएफपी, म्हणजे लिथियम-लोह-फॉस्फेट जातीचे. एमआयडीसी, म्हणजे भारतातल्या ठरावीक प्रयोगशाळा-चाचणीतली रेंज (एका चार्जमधलं अंतर) ४८९ किमी. कंपनी स्वतःच प्रत्यक्षात ३५० ते ३७० किमी धरा असं सांगते. हा दुसरा आकडा प्रामाणिक आहे, पण तो मिश्र वापराचा. चार माणसं, भरलेली डिकी आणि सलग हायवे असेल तर २९० ते ३०० किमी धरून निघावं. खाली जिथे ‘युनिट’ म्हटलंय ते किलोवॉट-तास, घरच्या वीजबिलात असतं तेच.

रस्ता असा: बडोदा ते अहमदाबाद साधारण ११० किमी, तिथून मेहसाणा ७५, मेहसाणा ते पालनपूर ७०, पालनपूर ते आबू रोड ५३, आणि वर २८ किमीचा घाट. एकूण ३३५ किमीच्या आसपास. एका चार्जमध्ये होणार नाही, आणि करायला जाऊही नये.

आता घाटाचा हिशेब. आबू रोड समुद्रसपाटीपासून सुमारे २६० मीटर उंचीवर, वरचं गाव १,२२० च्या आसपास. म्हणजे चढ साडेनऊशे मीटरचा. गाडी, माणसं, सामान मिळून १,७५० किलो धरलं तर एवढं वजन नुसतं वर उचलायलाच साडेचार युनिट लागतात. त्यात २८ किमी टायर फिरवण्याचा आणि हवा कापण्याचा खर्च, मोटार-इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारा भाग, असं सगळं धरून सात युनिट. हीटर चालू असेल तर आठ. बॅटरीचे सोळा ते अठरा टक्के. बस. दर १०० मीटर चढाला अर्धं युनिट जास्तीचं, एवढं लक्षात ठेवलं की हाच हिशेब कुठल्याही घाटाला लावता येतो. आबूहून गुरुशिखरला, म्हणजे १,७२२ मीटरवर गेलात, तर आणखी ५०० मीटर, अडीच युनिट, अधिक साध्या अंतराचा खर्च. मोटारीला विरळ हवेचा काही त्रास नसतो, इंजिनाला असतो. त्यामुळे चार माणसं भरून वळणावर बसला ओव्हरटेक करायला ही गाडी डिझेलपेक्षा बरी.

आणि हे बघा. नेक्सॉनसारख्या उंच आकाराच्या गाडीला ताशी ८० ला युनिटमागे साडेसात किमी मिळतात, ९० ला साडेसहा, १०० ला पावणेसहा. बडोद्याहून मेहसाण्यापर्यंतच्या १८५ किमीत ८० आणि १०० मधला फरक साडेसात युनिटचा पडतो. अख्खा घाट! आबू रोडला पोचून ‘घाटाने बॅटरी खाल्ली’ म्हणणाऱ्यांची बॅटरी बहुतेक वेळा अहमदाबादच्या अलीकडेच, एक्सप्रेस-वेवर खाल्ली गेलेली असते. थंडीत ती थोडी जास्तच खाल्ली जाते, कारण १० अंशांची हवा ३५ अंशांच्या हवेपेक्षा आठ-नऊ टक्के घट्ट असते आणि ती कापायला जोर जास्त लागतो. टायरमधली हवाही थंडीत बसते: दर १० अंशाला एक-दीड पीएसआय. डिसेंबरात निघण्याआधी, टायर थंड असतानाच, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर भरलेल्या गाडीसाठी दिलेल्या आकड्याइतकी हवा भरून घ्या. पेट्रोल पंपावर पोचेपर्यंत गाडी दहा-बारा किमी चालली असेल तर मीटर खोटं बोलतं.

एक्सप्रेस-वेवर ८५-९० धरायचं, इको मोड, क्रूझ कंट्रोल. घरून १०० टक्के भरून निघा. एलएफपी बॅटरीला अधूनमधून पूर्ण भरणं आवश्यकच असतं: या सेलचा व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळपास सपाट राहतो, म्हणून किती वीज उरली याचा गाडीचा अंदाज हळूहळू सरकत जातो. शंभरला भरलं की तो जागेवर येतो. महिनाभर ३० ते ८० मध्येच चालवलेली गाडी घेऊन आबूला निघालात तर शेवटच्या पंधरा टक्क्यांवर भरवसा ठेवू नका. ते कधी कधी पायरी उतरल्यासारखे झपकन खाली येतात, आणि थंडीत आणखी झपकन. घरी ७.२ किलोवॉटच्या वॉल बॉक्सवर दहा ते शंभर साडेसहा तास, १५ ॲम्पिअरच्या साध्या सॉकेटवर सोळा-सतरा तास. रावपुरा, दांडिया बाजार भागात ज्यांची गाडी रस्त्यावरच उभी राहते त्यांना आदल्या दिवशी बाहेरच कुठेतरी भरून ठेवण्यावाचून इलाज नाही.

९० ने गेलात तर मेहसाण्याला ३५ ते ३७ टक्के उरतात. इथेच थांबायचं. पालनपूरपर्यंत ताणता येतं, पण तिथे दहा-बारा टक्क्यांवर पोचून चार्जर बंद निघाला तर मग हात जोडून बसावं लागतं. मेहसाणा ते पालनपूर पट्ट्यात आधी थांबलं की एक चार्जर बंद असला तरी पुढच्यापर्यंत जाण्याइतकी वीज शिल्लक असते. ३५ पासून ८५ पर्यंत भरा. ही गाडी ६० किलोवॉटपर्यंत घेते, पण तो वेग सुरुवातीला. ८० नंतर धार बारीक होते. ६० च्या मोकळ्या चार्जरवर पस्तीस-चाळीस मिनिटं, ३० च्या चार्जरवर पन्नास. सुट्टीच्या दिवसांतली गोम वेगळीच आहे: ६० किलोवॉटच्या बऱ्याच चार्जरना दोन गन, म्हणजे गाडीत खोचायच्या केबली, असतात, आणि शेजारच्या गनला दुसरी गाडी लागली की दोघांना ३०-३० मिळतात. बोर्डावर ६० लिहिलंय म्हणून वेळेचं गणित बांधू नका. एक गन आधीच लागलेली असेल आणि चार किमीवर ३० चा मोकळा चार्जर असेल, तर दोन्हीकडे वेळ तेवढाच. बडोद्याची शेव-उसळ तिकडे मिळणार नाही, पण गाठिया-चहात अर्धा तास सहज जातो.

८५ वर निघालात की आबू रोडला साधारण ४३ टक्के, वर पोचेपर्यंत २५. हे पुरेसं आहे. घाटात वाहनांची रांग लागली तरी घाबरू नका: उभी इलेक्ट्रिक गाडी वीज खातच नाही म्हटलं तरी चालेल, फक्त हीटर तासाला एक-दीड युनिट घेतो. २५ टक्के म्हणजे अकरा युनिट.  चढताना स्क्रीनवरच्या किमीच्या आकड्याकडे मात्र बघू नका. तो मागच्या काही किमीच्या खर्चावरून पुढचं भविष्य सांगतो, त्यामुळे घाटात १२० वरून ६० वर कोसळतो आणि मागे बसलेल्यांचे चेहरे उतरतात. टक्के बघा.

हीटरविषयी. यात हीट पंप (बाहेरच्या हवेतली ऊब आत आणून वीज वाचवणारा) नाही, साधा विजेचा हीटर आहे. सुरू करताच दोन-तीन किलोवॉट ओढतो, केबिन गरम झाली की एक-दीडवर येतो. हायवेला ताशी चौदा युनिटच्या आसपास खर्च असताना हे फार वाटत नाही, पण आबूच्या ‘नक्की’ तलावाच्या आसपास ताशी वीसने फिरताना हीटर आणि मोटार जवळपास सारखंच खातात. वरच्या व्हेरिएंटमध्ये पुढच्या सीटना गार हवा आहे, ऊब नाही. बडोद्याचा मे महिना डोळ्यांसमोर ठेवून केलेली निवड, तक्रार करण्यात अर्थ नाही. आजी-आजोबा मागे असतील तर हीटर बंद ठेवून चालत नाही, ठेवूही नये. २१-२२ अंशावर ठेवा, पायाकडे झोत, आणि पायावर शाल. आतलीच हवा फिरवली तर वीज वाचते, पण चार माणसांच्या श्वासाने काच दहा मिनिटांत धूसर होते; मग एसी आणि हीटर दोन्ही लावून ती पुसण्यात वाचवलेली वीज जाते. घाटात बाहेरची हवाच बरी. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे सकाळी सहाला निघून एक-दोन वाजेपर्यंत वर पोचणं. दुपारच्या उन्हात हीटर लागतच नाही.

आता खरी परीक्षा: दुसरी सकाळ. डिसेंबर-जानेवारीत आबूचा पारा शून्याला टेकतो, कधी खालीही जातो, गाड्यांच्या टपावर पांढरा थर दिसतो. बॅटरी जड असल्याने रात्रीत एकदम गार होत नाही, पण सातपर्यंत होते. गार सेलचा अंतर्गत रोध वाढतो, दहा-पंधरा टक्के वीज तात्पुरती हाताबाहेर जाते. नाहीशी होत नाही, बॅटरी तापली की परत येते. महत्त्वाचं पुढे आहे: थंड सेलमध्ये जोरात वीज भरली तर लिथियम आत शिरण्याऐवजी पृष्ठभागावर धातूसारखं साचतं आणि सेल कायमचा खराब होतो. म्हणून गाडीची यंत्रणा थंडीत भरण्याचा वेग दाबते, आणि रीजन, म्हणजे पाय उचलल्यावर मोटारीनेच गाडी रोखून वीज परत मिळवणं, हेही बॅटरी भरणंच. त्यात रात्रभर लावून गाडी शंभर टक्के केली असेल तर आलेली वीज ठेवायला जागाच नाही. काल संध्याकाळी पाय उचलताच रोखून धरणारी गाडी सकाळी पहिल्याच उतारावर पाय उचलला तरी पळतच राहते. अशा वेळी पॅडलने रीजन तीनवर ठेवलं तरी फरक पडत नाही. वेग तीसच्या आत, ब्रेक थोडा-थोडा, सलग दाबून धरायचा नाही. पाच-सहा किमीनंतर रीजन हळूहळू परत येतं.

म्हणून हॉटेलवर शंभर करूच नका. १५ ॲम्पिअरच्या सॉकेटवर बॅटरीत ताशी अडीच युनिटच्या आसपास जातात. रात्री नऊ तास लावली तर २५ चे ७५ होतात. नेमके हवे तेवढे. गाडी पोचल्या पोचल्या, बॅटरी अजून कोमट असतानाच लावा. सॉकेट आधी बघा: भोकांभोवती तपकिरी डाग असेल, प्लॅस्टिक किंचित सुरकुतलं असेल, तर ते आत सैल आहे आणि रात्रीत वितळेल. लावल्यावर अर्ध्या तासाने पिनेच्या बाजूला हात लावून बघा. कोमट चालेल, चटका नको. एक्स्टेन्शन बोर्ड नकोच. अगदीच लागला तर किमान अडीच चौरस मिलिमीटर तांब्याची, पूर्ण उलगडलेली केबल. पोर्टेबल चार्जरवर लाल दिवा आला तर दहापैकी आठ वेळा दोष गाडीचा नसतो, अर्थिंगचा असतो. हॉटेलवाल्याला ‘गिझरच्या पॉइंटवरून लाइन द्या’ म्हटलं की बहुधा सुटतं, तिथे अर्थिंग नीट असण्याची शक्यता जास्त. हे सगळं बुकिंगच्या वेळी फोनवरच विचारा, सॉकेटचा फोटो मागवा. आणि मध्यरात्री केबल बघायला एकट्याने बाहेर पडू नका; आबूच्या गावात अस्वलं फिरतात, ही थट्टा नाही.

निघण्याआधी पंधरा मिनिटं, गाडी प्लगवर असतानाच, मोबाइल ॲपवरून हीटर लावा. केबिन तापवायची बरीचशी वीज हॉटेलच्या लाइनवरून येते.

उतारावर किती परत मिळतं? साडेचार युनिटपैकी टायर-हवेचा दीड युनिटचा खर्च उतारच भागवतो, उरलेल्यातले सुमारे दोन युनिट बॅटरीत पोचतात. चार टक्के. ‘उतरताना बॅटरी भरते’ याचा अर्थ एवढाच. ७५ ने निघून खाली ७८-७९, रीजन दबलेलं असेल तर ७६. तिथून मेहसाण्यापर्यंत १२३ किमी, उरतात ३४ ते ३७. उतारावर बॅटरीला काम पडत नाही, ती गारच राहते, म्हणून आबू रोडला किंवा पालनपूरलाच लगेच रस्त्यावरच्या जलद (डीसी) चार्जरला लावलंत तर वेग रडतखडत चढतो. तासभर हायवे चालवून मग लावा.

वर्षातून एक-दोन वेळा आबू आणि बाकी बडोद्यातच अलकापुरी-गोत्री-मकरपुरा असा वापर असेल तर ४५ पुरे. दर महिन्याला डोंगर असेल तर पन्नासच्या वरची बॅटरी बघा. क्रेटा इलेक्ट्रिक ५१.४, विंडसर प्रो ५२.९. त्या जास्तीच्या साडेसहा ते आठ युनिटमध्ये जवळपास एक घाट बसतो. ३० युनिटची छोटी नेक्सॉन या रस्त्याला घेऊन जाऊ नये. जाईल, पण दोन जागी थांबून, आणि वर पोचेपर्यंत कुणी कुणाशी बोलत नसेल.

परतताना मेहसाण्याला पुन्हा ८५ करा, बडोद्याला वीसच्या वर पोचता. टायरमधली हवा तिथे चार-पाच पीएसआय जास्त दाखवेल. काढू नका.