सॉकेट दिसलं होतं, तरी 1,02,300 रुपये घालवले

आकडा आधीच सांगून टाकतो. 34,500, मग 6,800, मग 12,000, मग 49,000. एकूण एक लाख दोन हजार तीनशे. सहा दिवसांत. मोबाइलवर प्रवाळ विकतो म्हणणाऱ्या एका ठगाला, सगळे माझ्याच बोटाने, माझाच पिन टाकून. हे ‘पिन तुम्हीच टाकलाय’ बँकेने मला इतक्या वेळा ऐकवलंय की आता झोपेतही पाठ म्हणेन.

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावात माझं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. वायर, स्विच, स्टार्टर, कूलरचे पंप. आणि घरी खाऱ्या पाण्याची टाकी आहे, समुद्रातले मासे आणि प्रवाळ ठेवायची. हसून घ्या. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्याच पट्ट्यात बसून मी बैठकीच्या खोलीत समुद्र सांभाळतो. सोयरेधायरे हसून थकले.

पण मी हौशेगवशातला नाही, हे लिहूनच ठेवतो, कारण पुढचं वाचून तुम्ही मला येड्यात काढणार आहात. चार वर्षं झाली टाकीला. तीन फूट लांब, दीड रुंद, दीड उंच, म्हणजे 190 लिटरच्या आसपास. पहिले सहा आठवडे एकही मासा न टाकता नुसती चालवली होती, जिवाणू तयार होऊन अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट व्हायला लागेपर्यंत. आमच्या बोअरचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, 1,400. ते पाणी टाकीत गेलं तर शेवाळाचं रान माजतं, म्हणून आरओ फिल्टरच्या पुढं उरलेले क्षार काढणारी डीआयची नळी जोडून मीटरवर शून्य आल्याशिवाय मीठ कालवत नाही. लिटरला 35 ग्रॅम, घनता 1.025. हे सगळं मला येतं. माणसं ओळखायला येत नाहीत.

गेल्या मे महिन्यात लाइन सहा तास गेली. बाहेर 43 अंश, पाणी गार ठेवणारा चिलर बंद, टाकी 32 वर. मी दुकानात. घरी आलो तेव्हा प्रवाळ पांढरे पडले होते. प्रवाळाने अंगातलं शेवाळ एकदा बाहेर टाकलं की त्याचं अन्नच तुटतं. आठ दिवसांत सगळे गेले. (तेव्हापासून पाणी फिरवणारी मोटर आणि हवेचा पंप इन्व्हर्टरवर. चिलर इन्व्हर्टरवर टाकू नका, तासात बॅटरी बसते. बर्फाच्या बंद बाटल्या फ्रिजरात ठेवा. पाण्यावर पंखा सोडला तर दोन-तीन अंश उतरतात, पण पाणी उडतं आणि मीठ मागं राहतं, म्हणून वरून भर घालायची ती गोड्या पाण्याची. खारं घालून नुकसान केलेले मी पाहिलेत.) सांगायचं हे की टाकी रिकामी होती आणि मनाला रुखरुख होती. असल्या माणसाचा वास ठगांना बरोबर लागतो.

जानेवारीत मोबाइलवर एकाची जाहिरात दिसली. रामेश्वरमला स्वतःचा फार्म, सगळा माल घरी वाढवलेला. मी सावधपणे क्लाऊन माशांची एक जोडी मागवली, 1,850 रुपयांना. ट्रॅव्हल्सच्या डिकीतून थर्माकोलच्या पेटीत आली. डबल पिशवी, ऑक्सिजन भरलेला, एक उष्णतेची पुडी सुद्धा. दोन्ही मासे जिवंत. आजही जिवंत आहेत, हे लिहितोय तेव्हा समोरच फिरतायत. गळाला लावलेलं गांडूळ खरंच असतं, हे मला तेव्हा कळायला पाहिजे होतं.

फेब्रुवारीत त्याने प्रवाळांचा ‘पॅक’ सांगितला. टॉर्च, हॅमर, ऍक्रोपोराच्या सहा फांद्या (ही सगळी कडक प्रवाळांची नावं), वर पाच किलो लाइव्ह रॉक. 34,500. मी म्हणलं, फार्म दाखवा. त्याने लगेच व्हिडिओ पाठवला.

आता नीट ऐका, कारण ह्या जागेवर मी रोज रात्री एकदा येऊन बसतो. व्हिडिओ 48 सेकंदांचा. निळ्या उजेडात ओळीने टाक्या, प्रवाळ डुलतायत. 31व्या सेकंदाला कॅमेरा थोडा खाली झुकतो आणि भिंतीवर सॉकेट दिसतं. दोन उभ्या चिरा, खाली एक गोल भोक. रडवेल्या लेकराच्या तोंडासारखं. आपल्याकडं कुठल्याही भिंतीला तीन गोल भोकं असतात. रामेश्वरम असो की रेणापूर. ते सॉकेट अमेरिकेचं. शेजारच्या काट्यावर तापमान 78. फॅरनहाइट! आपल्यातला कुठला टाकीवाला 78 म्हणतो? सगळे 25-26 म्हणतात.

आणि मला दिसलं होतं. उगाच नंतरचा शहाणपणा नाही सांगत. मी सॉकेट विकून पोट भरतो, मला नाही दिसणार तर कुणाला? मी विचारलंसुद्धा: ‘भैया, ये सॉकेट इधर का नहीं लगता?’ तो म्हणाला, ‘सर, इम्पोर्टेड सेटअप है, 110 वोल्ट का.’ बस्स. आणि मी काय केलं? मीच त्याच्या वतीने मनात पुरं करून दिलं, की व्होल्टेज उतरवणारा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर बसवला असेल, चिलर बाहेरचा असेल. चोराला खोटं बोलायचे कष्टसुद्धा मी पडू दिले नाहीत. बायको मागं उभी होती. ती म्हणाली, ‘अहो, ह्याच्या भिंतीला ओल कशी नाही? समुद्राकाठी म्हणतोय ना?’ तिला म्हणलं, तुला त्यातलं कळत नाही.

पैसे पाठवताना पडद्यावर नाव आलं एका बाईचं. तो म्हणाला अकाउंटंट. 34,500 गेले, 11 तारखेला.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे, सगळ्यांचं सारखंच असतं. 13 तारखेला विमानतळाचा हाताळणी खर्च 6,800. 14 तारखेला ‘क्वारंटाइन डिपॉझिट’ 12,000, माल पोचला की परत. पैसे परत मिळतील म्हणून कुणी आणखी पैसे मागितले की तिथंच फोन ठेवा. मी ठेवला नाही, कारण 41,300 आधीच अडकले होते आणि वाटलं बारा दिले की सगळंच सुटेल.

16 तारखेला दुपारी व्हिडिओ कॉल. खाकी कपडे, मागं अशोकस्तंभाचा फोटो. ‘तुमच्या नावाचा माल विमानतळावर पकडलाय. कडक प्रवाळ, वन्यजीव संरक्षण कायदा 1972, पहिली अनुसूची. तीन ते सात वर्षे.’ माझे पाय गार पडले. कारण त्या अख्ख्या प्रकरणात खरा होता तो फक्त हा कायदा. खडक बांधणारे सगळे कडक प्रवाळ 2001 पासून पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या रांगेत. काळे प्रवाळ, समुद्रपंखेसुद्धा. मला हे अर्धवट माहीत होतं. पण बाजारात उघड विकतात, लोक घरातल्या टाक्यांचे व्हिडिओ टाकतात, ‘फार्ममध्ये वाढवलेला’ म्हणलं की चालतं असं सगळेच म्हणतात. मीही म्हणलं. चूक होती, कबूल. पण हे वाचून जे टाकीवाले मला अक्कल शिकवतील, त्यांनी आपापल्या टाकीतला हॅमर कुठून आला ते आधी सांगावं.

‘49,000 भरा, इथंच मिटवतो.’ मी भरले.

नंतर ओळखीच्या वकिलाला विचारलं. तो हसला. ज्या गुन्ह्याला कायद्याने किमान कैद ठरवलीय, तो तडजोडीची रक्कम घेऊन मिटवताच येत नाही. त्याच कायद्याच्या कलम 54 मध्ये लिहिलंय. म्हणजे खरा अधिकारी असता तर पैसे घेऊच शकला नसता. ही एक ओळ आधी माहीत असती तर 49,000 वाचले असते. आणि सरकारी दंड कुणी कधी बाईच्या नावाच्या यूपीआयवर घेतो का? तीच बाई, मंडळी. तेच नाव. अकाउंटंट.

रात्रभर कुणाला बोललो नाही. लाज. दुसऱ्या दिवशी अकराला सायबर फसवणुकीच्या 1930 ह्या हेल्पलाइनला फोन केला, म्हणजे 19 तासांनी. तोवर पैसे तिसऱ्या-चौथ्या खात्यात. एका खात्यात 3,140 रुपये रोखून धरलेत म्हणे. पहिल्या तासात फोन केला असता तर जास्त पैसे रोखता आले असते. तुमची लाज दुसऱ्या दिवशी काढा, फोन आधी करा.

मग ठाणं. कुठलं ते लिहीत नाही, उगाच वाद नको. हवालदारसाहेबांनी अर्ज हातात घेतला आणि मोठ्याने वाचायला लागले. ‘लाइव्ह रॉक पाच किलो. म्हंजे?’ मी म्हणलं, जिवंत खडक, त्याच्या भोकांत जिवाणू असतात, ते पाणी साफ ठेवतात. ‘दगडाला पैसे दिले?’ खोलीतले चौघेजण वळले. ‘काका, आमच्या शेतात या, ट्रॉलीभर फुकट देतो.’ तासभर हे चाललं. मग सूर बदलला: ‘माल बेकायदा होता म्हणताव. मंग आरोपी कोण, तो का तुम्ही? विचार करा, उगं अंगावर घ्यायलाव.’ मी अर्ज घेऊन परत आलो.

आता कळलं ना हा धंदा कसाय? तक्रार करताच येणार नाही अशीच वस्तू ते विकतात.

दुसऱ्या वेळी वकिलाला घेऊन गेलो तर म्हणे रक्कम ऑनलाइन गेली, सायबरकडं जा. सायबरवाले म्हणे, हद्दीच्या ठाण्याचं पत्र आणा. पत्र मागायला गेलो तर साहेब बंदोबस्तात. तीन चकरा, दर चकरेला दुकान बंद. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे हद्द कुठलीही असो, गुन्हा नोंदवावा लागतो. हे छापून नेलं. साहेब म्हणाले, ‘लई अभ्यास केलाव की.’ तेवढाच अभ्यास आधी केला असता, हे त्यांनी म्हणलं नाही, पण नजरेत होतं.

वन खात्याच्या कचेरीत: आम्ही मोर, हरीण, बिबट्या बघतो, समुद्र इथं कुठाय? मत्स्य खात्याच्या कचेरीत: आमच्याकडं तलावातलं रोहू-कटला. तुमचं फुलांचं काय ते वन खात्याला विचारा. म्हणलं, तिकडूनच आलो. बँकेत ताईंनी मान वर न करता सांगितलं, पिन तुम्हीच टाकलाय. ज्या बाईच्या खात्यात पैसे गेले तिचं खातं कुणी उघडून दिलं, ते विचारायचं नाही. पिन मी टाकलाय. गुन्हा शेवटी 24 व्या दिवशी नोंदला, पाच ओळींचा, त्यात प्रवाळाचं ‘परवल’ झालंय. त्यांच्या कागदावर मी एक लाखाच्या परवलांसाठी फसलोय.

रागाच्या भरात मी टाकी मोडायला काढली होती. उरलेले खडक उकळून, वाळवून विकून टाकू म्हणलं. पातेलं गॅसवर ठेवलेलं. पुण्याच्या मित्राचा सहज फोन आला आणि तो ओरडलाच. माझ्या खडकांवर झोअँथिड नावाचे समुद्री जीव आहेत, बटणासारखे दिसणारे. त्यांतल्या काहींत पॅलिटॉक्सिन असतं, जगातल्या जहाल विषांपैकी एक, आणि उकळत्या वाफेतून ते घरभर पसरतं. लेकरू शेजारच्या खोलीत अभ्यास करत होतं. तो फोन दहा मिनिटं उशिरा आला असता तर एक लाखाचं दुःखच उरलं नसतं. खडक कधी उकळू नका, गरम पाण्याखाली घासू नका, हाताळताना हातमोजे आणि चष्मा लावा. मासे पाठवणारे हे सांगत नाहीत.

टाकी नाही मोडली. आता त्यात दोन क्लाऊन, मऊ प्रवाळाचे चार-पाच झुपके, तेही ओळखीच्या माणसाच्या टाकीतून समोर कापून घेतलेले. माल बघायचा तर चालू व्हिडिओ कॉलवर बघा आणि सांगा, आत्ता ह्या टाकीत डाव्या हाताची दोन बोटं घाला. पडद्यावर दुसऱ्याचं नाव आलं तर थांबा. आणि टाकीच्या लाइनला आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की लाइन तोडणारा स्विच, बसवा, वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर घ्या, म्हणजे खारं पाणी ओघळून आत जात नाही. हे फसवणुकीत येत नाही, पण दुकानदार आहे, सांगितल्याशिवाय राहवत नाही.

परवा ठाण्यातून फोन आला. छातीत धस्स झालं, वाटलं काही हाती लागलं. तेच हवालदारसाहेब. म्हणाले, ‘काका, पोरीचा वाढदिवस हाय. ते सोनेरी मासे कुठं भेटतील? तुम्हाला माहीत असंल.’ मी दुकानाचं नाव सांगितलं. काचेच्या गोल भांड्यात ठेवू नका, असंही सांगितलं.