टाँग टेस्टर : आठ महिन्यांनंतर

एप्रिलमध्ये पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत गेलो होतो पंख्याचा कपॅसिटर आणायला. परत आलो ते ८५० रुपयांचा क्लॅम्प मीटर घेऊन. आमचे वायरमन त्याला टाँग टेस्टर म्हणतात. कपॅसिटर राहूनच गेला.

पहिल्याच दिवशी मीटर परत करणार होतो. वायर जबड्यात धरली की अँपिअर दिसतात, असं दुकानदार म्हणाला होता. मिक्सरची वायर धरली, शून्य. इस्त्रीची धरली, शून्य. रात्री डोक्यात उजेड पडला : वायरीत फेज आणि न्यूट्रल दोन्ही असतात. एकीतून जेवढा करंट जातो तेवढाच दुसरीतून परत येतो, आणि दोघांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना खाऊन टाकतात. जबड्यात एकच तार हवी. मग एका एक्स्टेंशनचं वरचं आवरण वीतभर सोललं आणि आतल्या तारा, त्यांच्या स्वतःच्या आवरणासकट, सुट्या केल्या. तेव्हापासून घरात जे जे प्लगला लागतं ते सगळं त्यातून गेलंय.

इस्त्री : २२८ व्होल्ट, ४.३ अँपिअर. गुणले की ९८० वॉट, भागले की ५३ ओहम रोध. शाळेत ओहमच्या नियमावर पाच मार्क मिळवले होते, पण त्या आकड्याला हात लावला की चटका बसतो हे तेव्हा कळलं नव्हतं.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. या महिन्यात थंडी पडली आणि घरात तक्रार सुरू झाली की गिझर पूर्वीसारखा तापत नाही. वायरमनकाका आले, म्हणाले, “एलिमेंट गेलं. बदलून टाकू.” मला पटेना. एलिमेंट म्हणजे आतली तापणारी कॉइल; ती तुटली असती तर पाणी अजिबात तापलं नसतं. गिझरच्या पाटीवर २३० व्होल्ट, २००० वॉट लिहिलंय. २३० चा वर्ग भागिले २००० म्हणजे कॉइलचा रोध साधारण २६.४ ओहम हवा. काकांना म्हटलं, चालू गिझरवर फक्त दोन आकडे घेऊ. प्लेट उघडून त्यांनीच मीटरचे प्रोब (टोकदार वायरी) लावले (हे काम मी स्वतः करत नाही, तुम्हीही करू नका). गिझरकडे जाणारे २११ व्होल्ट, करंट ८.० अँपिअर. भागाकार : २६.४. कॉइल ठणठणीत!

पण वॉट १६८८ च. आणि त्याच वेळी मेन बोर्डावर २२८ व्होल्ट होते. मधले १७ व्होल्ट गेले कुठे? १७ गुणिले ८, म्हणजे १३६ वॉट भिंतीतच जळत होते. काकांनी सॉकेट ओढून काढलं तर मागचा स्क्रू सैल आणि प्लास्टिक कोळशासारखं काळं. नवं १६ अँपिअरचं सॉकेट बसवलं, तारेचं टोक छाटून घट्ट आवळलं. आता २२६ व्होल्ट, ८.६ अँपिअर. एलिमेंटचे पैसे वाचले याचा आनंद आहेच, पण त्या सॉकेटला लागून लाकडी कपाट आहे, ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

काकांनी जाताना विचारलं, “मग सरळ ओहमवर लावून का नाही मोजलं?” वीज बंद करून, वायर सोडवून गिझरवर ते चालतं. पण जुना ६० वॉटचा पिवळा बल्ब असा थंड मोजला तर जेमतेम ६५ ओहम दिसले. पेटलेल्या बल्बचा हिशोब केला तर ८८० च्या आसपास येतात. टंगस्टन तापला की रोध असा वाढतो, म्हणूनच बल्ब बहुधा बटण दाबताक्षणी उडायचे. बल्बचा एवढा कमी करंट मीटरला नीट पकडता येत नाही, त्यावर युक्ती अशी : तीच तार जबड्यातून दहा वेढे फिरवायची आणि आलेला आकडा दहाने भागायचा.

पंखा, फ्रिज आणि एलईडीवर मात्र व्होल्ट गुणिले अँपिअर हा हिशोब फसवतो. माझा ९ वॉटचा एलईडी १६ दाखवतो. ते वॉट नव्हेत, व्होल्ट-अँपिअर. पॉवर फॅक्टर, म्हणजे त्या गुणाकारातले खरे वॉट किती याचं प्रमाण, मधे येतो. शेजारच्या आजोबांनी यावरून “कंपनीवाले फसवतात” असं जाहीर केलं होतं; त्यांना समजावण्यात एक रविवार गेला. घरचं बिल वॉटवरच येतं.

कुरबुरी आहेत. होल्डचं बटण नेमकं अंगठ्याखाली येतं, जबडा दाबताना तेही दाबलं जातं, आणि मग आपण गोठलेला आकडा बघत बसतो. आठ महिन्यांत दोनदा सेल बदलले. प्रोबच्या वायरी थंडीत कडक होतात. आणि माझीच चूक : हा फक्त एसी करंट मोजतो. स्कूटरची बॅटरी रात्रीत कुठे उतरते ते शोधायचं होतं, ते अजून तसंच आहे. डीसीवाला तिथेच जवळजवळ तिप्पट किमतीला होता. तेव्हा घासाघीस करण्यात वेळ घालवला त्यापेक्षा डब्यावर काय छापलंय ते वाचायला हवं होतं.