३एस लायपो आणि १००० केव्ही मोटर : काही महिन्यांच्या वापरानंतर

रिमोटवर उडणाऱ्या मॉडेल विमानासाठी पॅकवर छापलेला ‘सी’चा आकडा (क्षमतेच्या किती पट करंट मिळेल ते) पाहून बॅटरी निवडू नका, हे आधीच सांगून टाकतो.

माझं विमान साधं हाय-विंग ट्रेनर (वर पंख असलेलं, शिकायचं विमान) आहे, बॅटरीसकट वजन साधारण १.२ किलो. १००० केव्हीची (व्होल्टमागे मिनिटाला १००० फेरे, किलोव्होल्ट नव्हे) ब्रशलेस मोटर, ४० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), १०×५ ची प्रॉप (पंखा : व्यास १० इंच, पिच म्हणजे एका फेऱ्यात पुढे सरकायचं अंतर ५ इंच) आणि ३एस (तीन सेल एकामागे एक जोडलेले) २२०० एमएएचचे दोन लायपो (लिथियम पॉलिमर) पॅक. पॅक वेगवेगळ्या कंपन्यांचे. एकावर ३०सी लिहिलंय, दुसऱ्यावर ६०सी. हिशेबाने पहिला ६६ अँपिअर देणार आणि दुसरा १३२. पण दुसऱ्यालाही तोच एक्सटी-६० कनेक्टर, आणि त्याची कमाल मर्यादाच ६० अँपिअर.

वॉटमीटर लावून फुल थ्रॉटलला मोजलं तर मोटर २० अँपिअरच्या आसपास ओढते. म्हणजे साधारण २३५ वॉट, किलोमागे २०० च्या जवळपास. ट्रेनरला एवढं भरपूर. तेव्हा ६०सीची गरजच नव्हती, पण वापरातला खरा फरक दिसला तो इंटर्नल रेझिस्टन्समध्ये, म्हणजे सेलच्या आतल्या विद्युत रोधात. चार्जर प्रत्येक सेलचा आकडा मिलिओहममध्ये दाखवतो. ३०सीचा पॅक नवा असताना सेलमागे ६ होता, आता ९ आहे. ६०सीवाल्याचे दोन सेल १५ वर गेलेत आणि तिसरा २२ वर. तिन्हींची बेरीज ५२ मिलिओहम. २० अँपिअरला नुसत्या पॅकच्या आतच १ व्होल्टहून जास्त जातो आणि त्याची उष्णता होते. उतरल्यावर हात लावला की लगेच कळतं, एक कोमट असतो, दुसरा चांगलाच गरम. वर जाताना विमानही सुस्त वाटतं. आकडे नेहमी सारख्याच तापमानाला मोजावेत. थंड पॅकचा रेझिस्टन्स जास्तच येतो आणि तुलना फसते.

जास्त वेळ उडायचं म्हणून मोठी बॅटरी घालायचा मोह सगळ्यांना होतो. मी ३००० चा पॅक घालून पाहिला. वजन वाढलं, सीजी (गुरुत्वमध्य) पुढे सरकला, लँडिंगचा वेग वाढला, आणि मिळालेला जादा वेळ अपेक्षेपेक्षा बराच कमी. त्यापेक्षा प्रॉपकडे लक्ष द्या. पिच आणि आरपीएम तेच ठेवून व्यास १० इंचांवरून ११ केला तर लागणारी शक्ती जवळपास दीडपट होते, कारण ती व्यासाच्या चौथ्या घाताने वाढते. प्रॉप बदलली की पुन्हा वॉटमीटर लावायचाच. अंदाजावर ईएससी जळतात.

ईएससीचा लो-व्होल्टेज कटऑफ (व्होल्टेज फार उतरलं की मोटर तोडणारी सोय) हा शेवटचा बचाव समजावा, उतरायची खूण नाही. मी ट्रान्समीटरवर टायमर लावतो आणि उतरून थोडं थांबल्यावर सेलमागे ३.७५ च्या आसपास व्होल्टेज मिळेल असा तो बेतलाय. थोडी क्षमता शिल्लक राहते, लँडिंग चुकलं तर पुन्हा एक फेरी मारता येते.

बीईसीबद्दल, म्हणजे बॅटरीतून रिसीव्हरला आणि सर्व्होंना (विमानाचे हलते भाग वळवणाऱ्या छोट्या मोटरींना) ५ व्होल्ट देणाऱ्या ईएससीतल्या भागाबद्दल थोडक्यात. लिनिअर प्रकारचा असेल तर उरलेले व्होल्ट उष्णतेत जातात : ११.१ मधून ५ काढले की ६.१, आणि सर्व्होंनी २ अँपिअर घेतले तर १२ वॉटची शेगडी ईएससीवरच. मायक्रो सर्व्हो दोन-तीन असतील तर चालतं. डिजिटल सर्व्हो असतील किंवा ४एसवर जायचं असेल तर स्विचिंग बीईसीच घ्या. बीईसी बंद पडला की रिसीव्हर बंद, आणि विमान हातचं गेलं.

पॅक टिकवायला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो स्टोरेज चार्जचा. उडवायच्या दिवशीच चार्ज करतो, १सी ने म्हणजे २.२ अँपिअरला, बॅलन्स लीड (सगळे सेल सारखे भरावेत म्हणून असलेली वायर) लावूनच. पाऊस आला, बेत रद्द झाला, तर त्याच संध्याकाळी सेलमागे ३.८ वर आणून ठेवतो. ४.२ वर आठवडाभर पडलेला पॅक न उडताच म्हातारा होतो. चार्जिंग चालू असताना खोली सोडत नाही, खाली फरशी आणि आजूबाजूला पेट घेईल असं काहीही नाही. यात कसलीही तडजोड करू नका.

६०सीचा पॅक आता विमानात जात नाही. फुगलेला नाही, म्हणून जमिनीवर सर्व्हो सेट करायला वापरतो. फुगला की पूर्ण डिस्चार्ज करून ई-कचऱ्यात देणार. पुढचा पॅक पुन्हा ३०सीचाच घेईन आणि पहिल्याच चार्जला तिन्ही सेलचे आकडे वहीत लिहून ठेवीन.